पोकरचे मेरिट आणि भांडवलाचे आरक्षण

पोकर हा जुगार नाही, तो बुद्धीचा खेळ आहे, हे वाक्य गेल्या काही वर्षांत आम्ही घोटीत इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कोण बोलतो आहे याकडेच आमचे जास्त लक्ष जाते. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या भाताच्या गिरण्यांच्या गावात दहा-पंधरा वर्षांपूर्वी पोकर हा शब्द कुणाला माहीत नव्हता. माहीत होती ती तीन पत्ती, तिर्रट आणि मटक्याचा आकडा. आज आमच्या वस्तीतली बी.ए., बी.कॉम. झालेली, गोंदे-वाडीवऱ्ह्याच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेली पोरे इन्स्टाग्रामवर आपल्या नावाखाली 'प्रोफेशनल पोकर प्लेअर' असे लिहितात. बारा-पंधरा हजारांची नोकरी ही त्यांच्या लेखी तात्पुरती सोय असते.

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींच्या सहीने ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद त्याने ठेवला नाही. देशातल्या मोठ्या पोकर ॲप्सनी पैशाचे डाव थांबवले. तेव्हा वस्तीतला एक मुलगा आम्हाला म्हणाला, "दादा, आमचं करिअर सरकारनं एका रात्रीत संपवलं." हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. शिकलेल्या, बेरोजगारीला कंटाळलेल्या पोराने ज्याला करिअर म्हटले, ते करिअर होते का, कुणासाठी होते, हे त्याच्याशी बसून तपासायला हवे. "जुगार वाईट असतो" एवढे सांगून उठून जाणारे खूप आहेत. त्यांचे तो ऐकत नाही, आणि त्यात त्याची फार चूक आहे असे आम्हाला वाटत नाही.

आम्ही सुरुवातीलाच मान्य करतो की पोकरमध्ये कौशल्य आहे. आपल्या हातात कोणती पाने आहेत, टेबलावर कोणती उघडली, समोरच्याने किती लावले, तो खरे लावतो आहे की हूल देतो आहे, याचा हिशेब क्षणात करावा लागतो. आयआयएम कोळिकोडसारख्या संस्थेत पोकरवर आधारलेला अभ्यासक्रम चालवला गेला, तो काही उगाच नाही. कौशल्य आहे की नाही यावर न्यायालयेही भांडली. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला जुगार म्हटले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2024 मध्ये तो कौशल्याचा खेळ मानला. नव्या कायद्याला आव्हान देणारी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतली आहेत. तो वाद वकिलांना लखलाभ. आमचा प्रश्न कौशल्याच्या पुढचा आहे: त्या कौशल्यावर पोट भरायचे तर आधी घरात काय लागते?

स्पर्धेचे पोकर कसे चालते ते आधी पाहू. प्रत्येकाने सारखी प्रवेश रक्कम भरायची, तिला बाय-इन म्हणतात. सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, चिप्स संपल्या की खेळाडू बाद. जमलेल्या रकमेतून आयोजक आपला हिस्सा काढतो. आपल्याकडे अड्डेवाला डावामागे जी नाल काढतो तीच ही, फक्त पावती मिळते. उरलेला पैसा शेवटपर्यंत टिकलेल्यांत वाटला जातो, साधारण शंभरातल्या पंधरांत, आणि त्यातही मोठा वाटा वरच्या चार-पाच जणांचा. लास व्हेगासच्या जागतिक मालिकेतली मुख्य स्पर्धा घ्या. प्रवेश 10,000 डॉलरचा. 2024 मध्ये तिथे 10,112 जण बसले. बक्षीस मिळाले 1,517 जणांना, पहिला आला त्याला एक कोटी डॉलर. बाकीचे साडेआठ हजारांवर लोक दहा हजार डॉलर ठेवून रिकाम्या हाताने घरी गेले. त्यांचे रील कुणी बनवत नाही.

इंटरनेटवर खेळाडूंच्या कमाईच्या ज्या याद्या फिरतात त्यांतही मोठी गंमत आहे. अमक्याची आयुष्यभराची कमाई इतके लाख डॉलर, असे तिथे लिहिलेले असते. ती फक्त मिळालेल्या बक्षिसांची बेरीज असते. भरलेले बाय-इन त्यातून वजा केलेले नसतात. प्रवास, हॉटेल, हरलेल्या स्पर्धा, काहीच वजा नसते. भाताचे किती पोते विकले ते सांगायचे आणि बियाणे, खत, मजुरी, आडत सांगायचीच नाही, असा हा हिशेब. इथला कुठलाही शेतकरी तो ऐकून हसेल. पण मोबाइलवर पाहिला की आमचा पदवीधर तो खरा मानतो.

आता हातात कागद घेऊन गणित करू. एका स्पर्धेत बक्षीस मिळण्याची शक्यता शंभरात पंधरा धरली, तर सलग दहा स्पर्धांत एक रुपयाही न मिळण्याची शक्यता पाचात एक निघते. चांगल्या खेळाडूचे पारडे थोडे जड असते, तरी सलग पंधरा-वीस स्पर्धा कोरड्या जाणे त्याच्याही वाट्याला येते. म्हणून या धंद्यातले जाणकार स्वतःच सांगतात की जिथे खेळायचे तिथल्या किमान शंभर बाय-इनएवढी पुंजी बाजूला असावी. गोव्यात समजा तीस हजारांच्या स्पर्धा खेळायच्या. शंभर बाय-इन म्हणजे तीस लाख. पंधरा हजार पगारातला एक पैसा न खाता साठवला तरी दोनशे महिने लागतात, सोळा वर्षांच्या वर. आणि ही पुंजी घरखर्चापासून, आईच्या औषधापासून, बहिणीच्या शिक्षणापासून वेगळी हवी.

कराचे तर कुणी बोलतच नाही. गोव्यात टेबलावर बसून वर्षात वीस स्पर्धा खेळल्या, सहा लाख भरले, सात लाख बक्षीस मिळाले असे समजू. पोराला वाटते लाख रुपये कमावले. आपला आयकर कायदा मात्र पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेतून खर्च वजा करू देत नाही. सात लाखांवर तीस टक्के म्हणजे दोन लाख दहा हजार कर. म्हणजे जिंकूनही एक लाख दहा हजारांचा तोटा, वर उपकर वेगळा. ऑनलाइन खेळासाठी 2023 पासून निव्वळ जिंकीवर कर असा वेगळा नियम आला होता, पण तो खेळच आता बंद झाला.

मग पुंजी नसलेला माणूस काय करतो? दुसऱ्याच्या पैशावर खेळतो. पोकरच्या जगात ही रीतसर पद्धत आहे. पैसेवाला बाय-इन भरतो, खेळाडू खेळतो, नफा वाटून घेतात. ऐकायला बरे वाटते. पण खेळाडू हरला तर तो तोटा त्याच्या नावावर चढत जातो, आणि पुढे जिंकल्यावर आधी तो भरून काढायचा, मगच वाटणी. इंग्रजीत त्याला मेकअप म्हणतात. इगतपुरी तालुक्यात याला वेगळा शब्द आहे: उचल. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला विचारा. पावसाळ्यात उचल घेतली, हंगामभर राबले, शेवटी हिशेबात उचल फिटलीच नाही आणि पुढच्या वर्षी तोच मालक. याच तालुक्यातली कातकरी मुले थोड्या पैशांसाठी मेंढपाळांकडे वेठीला ठेवल्याची प्रकरणे 2022 मध्ये उघडकीला आली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. त्या लेकरांच्या यातना आणि पोकर खेळणाऱ्याची अडचण यांची बरोबरी आम्ही करत नाही. हिशेबाची वही मात्र त्याच जातीची आहे, हे ओळखा. राबणाऱ्याचे कसब, मालकाचे भांडवल, आणि तोटा राबणाऱ्याच्या नावावर.

जगातला सर्वांत हुशार समजला गेलेला खेळाडूही यातून सुटला नाही. स्टू उंगर याने ती मुख्य स्पर्धा 1980, 1981 आणि 1997 अशी तीनदा जिंकली. 1997 मध्ये त्याच्याकडे बाय-इनचे दहा हजार डॉलर नव्हते. ते बिली बॅक्स्टर या दुसऱ्या खेळाडूने भरले. पहिले बक्षीस दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे बॅक्स्टरचे. पुढच्याच वर्षी, 22 नोव्हेंबर 1998 रोजी, लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलात तो मेलेला सापडला. वय 45. नशेचे व्यसन होते हे खरे, पण कौशल्याने त्याच्या खिशात काय ठेवले हेही पाहा. याउलट 2024 मध्ये तिथेच अडीच लाख डॉलर प्रवेशाची स्पर्धा भारताच्या संतोष सुवर्णा यांनी जिंकली, 54 लाख डॉलर मिळवले. त्यांचे अभिनंदन. पण ते व्यावसायिक आहेत, आणि एका बसण्याला दोन कोटी रुपये मोजता येणारा माणूस हरला असता तरी त्याच्या घरची चूल विझली नसती. पोरांनी कौशल्य जरूर पाहावे, पण कौशल्य ज्या खुर्चीवर बसले आहे ती खुर्चीही पाहावी.

इथे कुणीतरी ख्रिस मनीमेकरचे नाव काढतो. 2003 मध्ये या हिशेबनीसाने ऑनलाइन 86 डॉलरच्या पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत जागा मिळवली आणि 25 लाख डॉलर जिंकले. खरी गोष्ट आहे. तेव्हापासून ती गोष्ट सांगूनच जगभर ॲप्स विकली गेली. हजारो हरणाऱ्यांच्या पैशातून एक जिंकतो आणि त्या एकाचा फोटो दुकानावर लागतो, हे रतन खत्रीच्या मटक्यालाही कळत होते. गिरणगावातल्या आणि आपल्या चाळी-वस्त्यांतल्या किती घरांच्या पगाराच्या पाकिटाला त्या आकड्याने भोक पाडले, ते आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिले आहे.

मेरिटचा मुद्दा इथेच येतो, आणि हा लेख आम्ही त्यासाठीच लिहायला घेतला. आरक्षणाने मेरिट मरते, असे ज्या मध्यमवर्गातून आम्हाला उठता-बसता ऐकवले जाते, त्याच वर्गातून पोकरच्या कौशल्याचे गोडवे येतात. पण पोकरच्या टेबलावर हेच लोक किती प्रामाणिक होतात पाहा. तिथे ते म्हणतात, नुसते कौशल्य पुरत नाही, पडत्या काळात तग धरायला पुंजी लागते. हजार डाव खेळल्याशिवाय खरा गुण दिसत नाही. शिक्षक हवा, सॉफ्टवेअर हवे, अभ्यासगट हवा. 2024 चा विजेता जोनाथन तामायो अंतिम फेरीत मधून मधून उठून प्रेक्षकांत बसलेल्या मित्रांकडे जात होता, आणि त्या मित्रांपाशी लॅपटॉप होता. त्यावरून मोठा वाद झाला. विजेता एकच दिसतो, पण त्याच्यामागे किती लोकांचे ज्ञान आणि पैसा उभा असतो, हे त्या दिवशी कॅमेऱ्याने दाखवले. हेच आम्ही शिक्षणाबद्दल आणि नोकरीबद्दल म्हणतो तेव्हा तो रडवेपणा ठरतो. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या पोराला एकच बाय-इन मिळतो. तो हरला की शेतमजुरी. तुमच्या पोराला बापाने, आजोबाने, जातीच्या नात्यागोत्याने शंभर बाय-इन ठेवलेले असतात. मग निकाल लागला की त्याला मेरिट म्हणायचे.

बाबासाहेबांनी 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' या लेखनात बुद्धपूर्व आर्य समाजातल्या जुगाराबद्दल लिहिले आहे. राजवाड्यांना जुगाराची दालने होती, राजांच्या पदरी पगारी जुगारी असत, कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावेसुद्धा फाशांच्या दानांवरून आली, हे त्यांनी दाखवले. त्यातला विराट राजाच्या पदरचा कंक आठवा. हा आपल्याकडचा पहिला 'प्रोफेशनल'. तो कोण होता? द्यूतात राज्य हरलेला, भाऊ हरलेला, बायको पणाला लावलेला युधिष्ठिर. वनवास संपवून तेराव्या वर्षी ब्राह्मणाच्या वेषात तो विराटाकडे गेला आणि फासे खेळण्याचीच नोकरी त्याला मिळाली. सगळे हरूनही त्याच कामावर मानाने ठेवून घेतले जाण्याची ही सवलत आमच्या वस्तीतल्या कुणाला मिळाल्याचे आम्ही ऐकले नाही.

आम्हाला मिळतो तो छापा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी असते: झाडाखाली तिर्रट खेळणाऱ्या सात जणांना पकडले, रोख रकमेसह मुद्देमाल जप्त. खाली सातही नावे, वयासकट, गावासकट. कायदा 1887 चा, इंग्रजांच्या काळातला मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातही सूट आहे, पण झाडाखाली बसलेल्याचे कौशल्य सिद्ध करायला दिल्लीचा वकील येत नाही. तिकडे गोव्यात 1996 पासून कायद्याने जहाजावरच्या कॅसिनोला वाट मोकळी आहे, मांडवीत दिव्यांनी लखलखलेली जहाजे उभी आहेत, तिथे पत्त्यांची 'स्पर्धा' होते. विशेष म्हणजे गोव्याच्या सरकारने 1 फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. आपली माणसे बुडू नयेत एवढे त्यांना कळते. बाहेरची बुडाली तर तो महसूल.

आणि आपल्या राज्याचे काय सांगावे? जुलै 2025 मध्ये आपल्या शेजारच्या सिन्नरचे आमदार, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. मग त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले. पत्ते हा खेळ की जुगार, या वादावर एवढे मार्मिक भाष्य आम्हाला जमले नसते.

धम्म काय म्हणतो? राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहपतीपुत्राला तथागतांनी केलेला उपदेश, सिगालोवाद सुत्त, आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकला आहे. त्यात जुगार हे धन वाहून जाण्याचे एक द्वार सांगितले आहे आणि त्याचे सहा परिणाम दिले आहेत. जिंकला तर वैर पदरी पडते, हरला तर गेलेल्या धनाचा शोक, हाताशी असलेले धन जाते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, लग्नाला कुणी मुलगी देत नाही. यात स्वर्ग-नरक कुठे नाही. सगळे या गावात तपासून पाहता येण्यासारखे आहे. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा संकटकाळासाठी राखून. पोकर खेळणाऱ्या पोराला आम्ही एवढेच विचारतो, तुझा बाय-इन यातल्या कुठल्या भागातून जातो? बहुतेकांचा चौथ्यातून जातो. काहींचा तर आईच्या बचत गटाच्या कर्जातून.

सहा परिणामांतल्या चौथ्यावर थोडे थांबतो, कारण तो चळवळीचा प्रश्न आहे. सभेत शब्दाला किंमत न राहणे म्हणजे काय? ॲट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदार फितूर होतो तेव्हा प्रत्येक वेळी तो भित्रा असतोच असे नाही. अनेकदा तो कर्जात असतो. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याच्याच भाऊबंदाकडून त्याने पैसे उचललेले असतात. ग्रामपंचायतीला आपला उमेदवार ऐनवेळी अर्ज मागे घेतो, तिथेही हेच. कर्जबाजारी माणसाला विकत घ्यावे लागत नाही, तो आधीच गहाण असतो. म्हणून एका पोराचे पन्नास हजार बुडाले हे फक्त त्याच्या घरचे दुःख मानून आम्ही गप्प बसू शकत नाही.

घोटीपासून जवळच इगतपुरीला धम्मगिरी आहे. पोकरचे हल्लीचे शिक्षक चित्त स्थिर ठेवण्यासाठी ध्यानधारणा शिकवतात, हरल्यावर रागाने खेळू नये म्हणून. धम्मगिरीत ध्यानाला बसण्यापूर्वी पंचशील घ्यावे लागते. शील बाजूला ठेवून नुसती एकाग्रता उचलायची, म्हणजे समोरच्याचा खिसा शांत मनाने रिकामा करता येईल. असो.

पोरांचा एक प्रतिवाद मात्र आम्हाला निरुत्तर करण्याच्या जवळ नेतो. ते म्हणतात, "दादा, एमपीएससीत सात वर्षं घालवली तर तुम्ही कौतुक करता. तिथंही हजारांत दोघं-तिघंच लागतात. मग पोकरला दोन वर्षं दिली तर काय बिघडलं?" यात तथ्य आहे. नाशिकच्या आणि पुण्याच्या अभ्यासिकांत आपल्या समाजाचे तारुण्य ज्या तऱ्हेने झिजते आहे, भरती रखडते आहे, कंत्राटीकरण वाढते आहे, त्याला जबाबदार व्यवस्थाच आहे, आणि पोकरच्या ॲपकडे ढकलणारीही तीच. तरी फरक आहे. परीक्षेत नापास झालेल्याकडे वाचलेले संविधान, इतिहास, अर्थशास्त्र उरते. आमच्या कार्यकर्त्यांतले बरेच जण असे नापास झालेलेच आहेत. तिथे आपण पास होण्यासाठी शेजारच्याचा पगार आपल्या खिशात यावा लागत नाही. पोकरमध्ये त्याशिवाय दुसरा पैसाच नसतो. टेबलावर नवे काही पिकत नाही; आलेला पैसा फिरतो, आणि प्रत्येक फेरीत नाल कापली जाते. ऑनलाइन पैशाच्या खेळांत 45 कोटी लोक वर्षाला सुमारे 20,000 कोटी रुपये गमावतात, हा सरकारचाच अंदाज होता. मग ते सगळे चालू असताना जीएसटी वसूल करणारे सरकार इतकी वर्षे कुठे होते, हाही प्रश्न विचारलाच पाहिजे.

सध्या गावात वेगळेच सुरू आहे. देशी ॲप बंद झाल्यावर टेलिग्रामवर एजंट आले आहेत. परदेशी साइटचा आयडी देतात, पैसे कुणाच्या तरी खात्यावर यूपीआयने घेतात, जिंकलेले देताना गायब होतात. हरलेल्याला तेच कर्ज देणारे ॲपही सुचवतात, आणि हप्ता थकला की फोनमधल्या नातेवाइकांना मेसेज जातात. पोरे पोलिसांकडे जात नाहीत, कारण आपणच गुन्हेगार ठरू असे त्यांना वाटते. तसे नाही. नव्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. फसवणूक झाली असेल तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करता येते, जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड. आम्ही दर रविवारी वंदनेनंतर विहारात बसतो. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, बँकेचे स्टेटमेंट, एजंटचे नंबर घेऊन या. घरी कळू द्यायचे नसेल तर तसे सांगा, अर्ज आम्ही लिहून देऊ.